वरातीचा घोडा आणि आपला हक्क

लग्नाच्या वरातीत वराने घोड्यावर बसावे काय, असा प्रश्न नवदीक्षित कुटुंबांतून वारंवार विचारला जातो. बौद्ध विवाहविधी साधा आहे. तेव्हा भाड्याचे घोडे आणि वाजंत्री ही जुनी हौस कशाला, असे काही वडीलधारे म्हणतात. कर्ज काढून हौस करण्याच्या मी सर्वस्वी विरुद्ध आहे. परंतु घोडा स्वखुशीने नाकारणे निराळे आणि गावाच्या धाकाने नाकारणे निराळे. सिद्धार्थाने कंथकाचा त्याग केला, कारण कंथक त्याचा होता. ज्याला घोड्यावर बसूच दिले जात नाही, त्याने त्याग तो कशाचा करावा?

खेड्यातील जनावरांशी आपला संबंध काय होता, हे मुलांना सांगितले पाहिजे. गावी उतरलेल्या अंमलदाराच्या घोड्याची चाकरी आपण करावी, मेलेले ढोर आपण ओढावे. जिवंत घोड्याच्या पाठीवरचा मान मात्र दुसऱ्याचा! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास बजावले आणि १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतनही गेले. तरीही मार्च २०१८ मध्ये गुजरातेत, भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावी, घोडा पाळणाऱ्या एका दलित तरुणाची हत्या झाली. घोड्यावर बसू नये म्हणून त्यास धमक्या येत होत्या, अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित वराची वरात पोलीस बंदोबस्तातच निघू शकली.

कायदा याबाबतीत मुका नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा कलम ३ खाली स्पष्ट शब्दांत अपराध ठरला. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. आरोपी फिर्यादीच्या कुटुंबास ओळखत असेल, तर जात ठाऊक नव्हती ही सबब सहसा टिकत नाही. न्यायालय ती त्यास ठाऊक होती असेच गृहीत धरते. गावात कोण कोणास ओळखत नाही?

आरोपीचा वकील मात्र एक मुद्दा हमखास काढील: फिर्यादी बौद्ध आहे, त्याला जात कुठली? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत बौद्धांचा समावेश नव्हता, ही गोष्ट खरी. १९९० च्या दुरुस्तीने तो झाला. म्हणून जातीचा दाखला काढण्यास कित्येक स्वाभिमानी बौद्धजन संकोच करतात, तो त्यांनी करू नये. जात आपण सोडली. गावाने सोडलेली नाही, आणि खटला गावाच्या वर्तनाचा चालतो.

धाक असेल त्या गावी लग्नतिथी ठरताच वरातीचा मार्ग व वेळ लिहून पोलीस ठाण्यात आणि तहसीलदारांकडे अर्ज द्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. शिक्क्यानिशी पोच घ्यावी आणि ती दाखल्यासोबत घरात जपून ठेवावी.