अर्धा कोयता कोणाचा?



दिवाळी झाली की मंठा-परतूरकडच्या वाड्या ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पण मुकादमाची उचल नवऱ्याच्याच हाती. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही टनामागे, म्हणजे पुन्हा कोयत्यालाच.

मुकादमाने मजुरी बुडवलेल्या एका बाईबरोबर मी कामगार कार्यालयात गेले. साहेबांनी नियमाप्रमाणे कामाचा पुरावा मागितला. तिचे नाव कुठेच नव्हते. तिचा खाडासुद्धा नवऱ्याच्या नावापुढे मांडलेला! समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला. पण जिचे वेतनच वेगळे लिहिले जात नाही, तिची बरोबरी कोणाशी करायची?

येत्या हंगामाआधी प्रत्येक गटाने गावातल्या जोड्यांची नावे वेगवेगळी लिहून घ्यावीत, मुकादमाची सही घ्यावी आणि एक प्रत कामगार अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी.