वीराचे नाव आणि पिस्तुलाचा क्रमांक : पहिल्या महायुद्धावरचे तीन हेवी मेटल अल्बम

१/ आजचा धागा किल्ल्यांचा नाही, तहांचाही नाही. गेल्या महिन्यात मी तीन हेवी मेटल अल्बम विकत घेतले. तिन्हींचा विषय एकच : पहिले महायुद्ध. ते ऐकताना एक प्रश्न सारखा समोर येत राहिला. संगीतातून इतिहास सांगताना कोणाची निवड होते आणि कोण वगळले जाते?

२/ आधी अल्बमांची ओळख. पहिले दोन स्वीडनमधल्या फालून शहरातल्या ‘सॅबटन’ या बँडचे : ‘द ग्रेट वॉर’ (२०१९) आणि ‘द वॉर टू एंड ऑल वॉर्स’ (२०२२). तिसरा युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरातल्या बँडचा. त्या बँडचे नावच ‘१९१४’ आणि अल्बमचे नाव ‘व्हेअर फिअर अँड वेपन्स मीट’ (२०२१).

३/ मेटल आणि युद्ध यांचा संबंध वरवरचा नाही. या संगीताचा आद्य बँड ‘ब्लॅक सबाथ’ बर्मिंगहॅमचा, म्हणजे शस्त्रे आणि दारूगोळा घडवणाऱ्या कारखान्यांच्या शहरातला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याने १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. दुखऱ्या बोटांना सोसावे म्हणून त्याने हलक्या तारा वापरल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवले. मेटलचा तो खर्ज, जड आवाज यंत्राने केलेल्या जखमेतून आलेला आहे.

४/ पहिले महायुद्धही कारखान्याचेच अपत्य. मशीनगन, तोफगोळे, विषारी वायू, रणगाडे : माणूस मारण्याचे काम इथे प्रथमच इतक्या प्रमाणावर यंत्रांकडे गेले. म्हणून या युद्धावर बोलण्याचा मेटलला अधिकार आहे, असे मी मानतो. ‘ब्लॅक सबाथ’ने १९७० मध्ये ‘वॉर पिग्ज’ गायले ते युद्ध लादणाऱ्यांविरुद्ध. १९८८ मध्ये ‘मेटालिका’ने ‘वन’ या गाण्यात हातपाय, डोळे, वाचा सारे गमावलेल्या सैनिकाला बोलते केले. या परंपरेचा आरंभ वीरगाथेने झालेला नाही, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

५/ आता ‘सॅबटन’. त्यांची रीत मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल, कारण ती आपल्या पोवाड्याची रीत आहे. एक प्रसंग, एक नायक, चढत जाणारी लय आणि झीलकऱ्यांसारखा साथ देणारा समूहस्वर. तीन-चार मिनिटांत ऐकणाऱ्याची मूठ आवळली गेली पाहिजे, आणि ती जाते. ‘फील्ड्स ऑफ व्हर्दं’ ऐकताना माझीही गेली.

६/ त्यांची निवडही साधी नाही. ‘द अटॅक ऑफ द डेड मेन’ हे गाणे १९१५ च्या ऑगस्टमधले : ओसोव्हिएत्स किल्ल्यावर जर्मनांनी विषारी वायू सोडला, आणि मेले असे समजलेले रशियन सैनिक तोंडाला रक्ताळलेली फडकी बांधून चालून आले. ‘लेडी ऑफ द डार्क’ ही सर्बियाच्या मिलुंका साविचची कथा. पुरुषवेशात सैन्यात शिरलेली, अनेक देशांची शौर्यपदके मिळवलेली ही स्त्री युद्धानंतर बेलग्रेडमध्ये एका बँकेत सफाईचे काम करत होती.

७/ ‘अ घोस्ट इन द ट्रेंचेस’ हे कॅनडाच्या ओजिब्वे जमातीतल्या फ्रान्सिस पेगामागाबो या निशाणबाजावरचे. त्याच्या नावावर ३७८ शत्रुसैनिक सांगितले जातात. गाण्याचा सारा भर या पराक्रमावर आहे. परतल्यावर मात्र त्याचे आयुष्य आपल्या समाजाच्या हक्कांसाठी सरकारी अधिकाऱ्यांशी झगडण्यात गेले. हा उत्तरार्ध ठेक्यात बसत नाही, म्हणून तो बाहेर राहतो.

८/ माझा आक्षेप इथे सुरू होतो. ‘सॅबटन’चे तपशील सहसा चुकत नाहीत. २०१९ पासून इतिहास-निवेदक इंडी नायडेल यांच्यासह ते गाण्यांमागच्या घटना उलगडणारी यूट्यूब वाहिनी चालवतात, आणि ती आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. अडचण निवडीची आहे. व्हर्दंला सुमारे ३०० दिवसांत दोन्ही बाजू मिळून सात लाखांच्या आसपास माणसे मेली, जखमी वा बेपत्ता झाली. त्यांतल्या बहुतेकांना शत्रूचा चेहराही दिसला नाही. अशा युद्धातून एकेक असामान्य माणूस वेचत गेले, की त्या युद्धाचा स्वभावच बदललेला दिसू लागतो.

९/ ‘१९१४’चा अल्बम याच्या नेमक्या उलट दिशेने जातो. आवाज घोगरा, लय कधी ओढलेली, कधी तोफांच्या भडिमारासारखी. आरंभी ‘वॉर इन’, शेवटी ‘वॉर आउट’. मध्ये सुटका नाही. पहिल्यांदा ऐकताना तो आवडेलच असे नाही. मला तो चौथ्यांदा ऐकताना उमगला.

१०/ दोन्ही बँडना एकाच जागी उभे करून पाहू. २८ जून १९१४, साराजेवो. ‘सॅबटन’च्या २०२२ च्या अल्बमचा आरंभ ‘साराजेवो’ या गाण्याने होतो. प्रसंग, पात्रे, परिणाम असे सरळ कथन. ‘१९१४’च्या गाण्याचे नाव आहे ‘एफएन .३८० एसीपी #१९०७४’. गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या हातातल्या पिस्तुलाचा तो अनुक्रमांक. ना आर्चड्यूकचे नाव, ना मारेकऱ्याचे. कारखान्यातून निघालेली एक वस्तू आणि तिच्यावरचा आकडा. या युद्धाला याहून नेमके शीर्षक मला माहीत नाही.

११/ दुसरी जागा : अमेरिकेची ३६९ वी पायदळ रेजिमेंट, म्हणजेच ‘हार्लेम हेलफायटर्स’. तिच्यावर दोन्ही बँडची गाणी आहेत. या कृष्णवर्णीय सैनिकांना स्वतःच्या सैन्याने बरोबरीने लढू दिले नाही; त्यांना फ्रेंच सैन्याच्या हाताखाली दिले गेले. १९१ दिवस ते आघाडीवर राहिले. त्यांच्यातल्या हेन्री जॉन्सनला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले २०१५ मध्ये, मृत्यूनंतर ८६ वर्षांनी.

१२/ याच रेजिमेंटच्या वाद्यवृंदाने जेम्स रीस युरोप यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्समध्ये जॅझचे सूर पोहोचवले. मेटलचे मूळ ब्लूजमध्ये आणि ब्लूजचे मूळ याच समाजात. तेव्हा हे गाणे म्हणजे एका अर्थी नातवंडांनी आजोबांचे ऋण फेडणे आहे. इथे मला दोन्ही बँड सारखेच प्रिय वाटले.

१३/ पण ‘कावर्ड’ हे गाणे फक्त ‘१९१४’कडे आहे. जवळजवळ केवळ गिटारच्या साथीवरचे, लोकगीतासारखे, पळून गेलेल्या आणि आपल्याच माणसांच्या गोळीला सामोरे जाणाऱ्या सैनिकाचे. पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या ज्या ३०६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली. भित्र्याला गाणे मिळण्यासाठीही बराच काळ जावा लागला. पोवाड्यात तर त्याला जागाच नसते.

१४/ याचा अर्थ पोवाडा टाकाऊ असा नव्हे. अफजलखानवधाचा पोवाडा आपण साधन म्हणून वाचतोच. पण तो वाचताना कोणी, कोणापुढे, कोणाची स्तुती गायली हे विचारतो. तीच शिस्त ‘सॅबटन’ला लावावी, एवढेच माझे म्हणणे. त्यांचा अल्बम १९१६ बद्दल जितके सांगतो, तितकेच आजच्या श्रोत्याला कसले स्मरण हवे आहे याबद्दलही सांगतो.

१५/ आता तुम्ही विचाराल : आपले काय? दहा लाखांहून अधिक भारतीय या युद्धात परदेशी गेले, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. तिन्ही अल्बमांत त्यांच्यावर एकही स्वतंत्र गाणे नाही. मराठी माणसाला तर थेट दुवा आहे. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे वेढल्या गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पुणे डिव्हिजन’. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या.

१६/ ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने वेढा, उपासमार, आजार, आणि शेवटी सुमारे १३ हजार जणांची शरणागती. सेनापती टाउनशेंड यांची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात गेली. साध्या सैनिकांना वाळवंटातून पायी नेले गेले आणि त्यांतले हजारो बंदिवासात दगावले.

१७/ इंटरनेटवर मागणी दिसते की ‘सॅबटन’ने आमच्या वीरांवरही गावे. उद्या त्यांनी गायले तर मीही पहिल्या दिवशी विकत घेईन. पण कुतला त्या साच्यात बसवले, तर ‘शेवटपर्यंत झुंजले’ एवढेच उरेल. कोणाच्या साम्राज्यासाठी झुंजले, सेनापती कुठे राहिला आणि शिपाई कुठे मेला, हे प्रश्न समूहस्वरात बुडून जातील. कुतसाठी मला ‘कावर्ड’च्या जातीचे गाणे हवे आहे.

१८/ शेवटी एक विनंती. सातारा आणि कोकणातल्या अनेक गावांत चावडीवर, शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली एक छोटी संगमरवरी पाटी आढळते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचेही नाही, फक्त दोन आकडे. पिस्तुलावरच्या १९०७४ सारखेच. गावी गेलात तर ती पाटी शोधा, छायाचित्र काढा आणि त्या आकड्यांतले एखादे नाव गावातल्या वृद्धांना आठवते का, ते विचारा. सापडल्यास या धाग्याखाली लिहा.

#इतिहास #पहिलेमहायुद्ध #हेवीमेटल