रुमालात बांधलेला हक्क

2023 साली कुणबी नोंदींचा प्रश्न ऐरणीवर आला आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभरच्या कचेऱ्यांतील जुने रुमाल सोडले गेले. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची पुस्तके, पाहणीपत्रके, खासरापत्रके यांना एकाएकी किंमत आली. आरक्षणाच्या त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. परंतु जे कागद वर्षानुवर्षे अडगळ म्हणून पडून होते, त्यांवाचून नागरिकाचा हक्क सिद्ध होत नाही, हे त्या निमित्ताने शासनालाच मान्य करावे लागले. ही जाग एका समितीपुरती राहू नये. पेण आणि रोहा या तालुक्यांत लोकांना खुला असा स्थानिक दप्तरखाना असावा, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यावी, असे मला वाटते.

ही हौशी इतिहासप्रेमींची मागणी नव्हे. पेणच्या खारेपाटाचेच पाहा. समुद्राच्या भरतीला बांध घालून मिळविलेली ही भातजमीन. बांध घालणाऱ्यांकडे शिलोत्रीचे हक्क आले आणि बाहेरचे बांध राखण्याच्या नावाने कुळांकडून भाताच्या रूपाने वसुली होत राहिली. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीची हकीकत आलेली आहे. 1949 च्या कायद्याने खोती गेली. पण शिलोत्री हक्क संपविण्यासाठी मुंबई राज्याला 1955 साली खास कुलाबा जिल्ह्यापुरता वेगळा कायदा करावा लागला. त्याआधी 1948 च्या खार जमिनींच्या कायद्याने शासन बांधांच्या कामात उतरले होते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे प्रश्न पडतो तो असा: वसुलीचा हक्क रद्द झाला, पण त्या हक्काला जोडलेले बांध राखण्याचे कर्तव्य कोणाच्या खांद्यावर गेले? आज उधाणाच्या पाण्याने बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते, आणि शेतकरी अर्ज घेऊन जातो तेव्हा बांध खाजगी की शासकीय योजनेतला, या प्रश्नापाशी अर्ज अडतो. त्याचे उत्तर कागदात आहे. तो कागद कोठे आहे, हे शेतकऱ्याला ठाऊक नाही.

रोह्याच्या डोंगरपट्ट्यात गोष्ट अधिकच कठीण. इंग्रजी अमदानीत कातकरी आणि ठाकूर कुटुंबांना नाचणी-वरीसाठी जंगलातील दळीच्या जमिनी लावून दिल्या गेल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा पट्ट्यांचे आणि भाडेपट्ट्यांचे मालकीहक्कात रूपांतर करून मागण्याचा अधिकार दिला आहे. वडीलधाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून चालते, हेही खरे. परंतु साक्षीच्या जोडीला दळीच्या वहीतील आजोबांचे नाव असले म्हणजे दावा सहजी फेटाळता येत नाही. पावसाळा सरताच वीटभट्टीच्या वाटेला लागणाऱ्या कातकऱ्याने घरात कागद जपून ठेवावा, अशी अपेक्षा करणेच हास्यास्पद आहे. त्याची पेटी म्हणजे सरकारी दप्तर. तेथे वाळवी लागली की त्याचा आजोबा कागदावरून नाहीसा होतो.

अध्यापनाच्या काळात मी एका विद्यार्थ्यासह कोकणातील एका कचेरीत खोती वसुलीचे हिशेब पाहावयास गेलो होतो. शिपाई म्हणाला, “गुरुजी, हात लावू नका. वाळवीनंच ते सगळं एकत्र धरून ठेवलंय.” पुढे त्याच गावाचे, त्याच वर्षांचे हिशेब खोताच्या वंशजांच्या माडीवर, कापूर घातलेल्या पेटीत आम्हांला सुस्थितीत मिळाले. त्या गृहस्थांनी ते मोकळ्या मनाने दाखविले, त्यांचा मी ऋणीच आहे. पण त्या अभ्यासात खोताने काय घेतले ते आले, आणि कुळाने काय म्हटले ते आले नाही. धनिकाचा दप्तरखाना त्याच्या घरात असतो. सार्वजनिक दप्तरखान्याची गरज आहे ती ज्याच्याजवळ माडीही नाही आणि पेटीही नाही, त्याला.

यावर असे म्हटले जाते की, मुंबईत पुराभिलेख संचालनालय आहे, 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, जुन्या नोंदींची संगणकावर छायाचित्रे घेण्याचे कामही झाले आहे. मग तालुक्याला आणखी काय हवे? दुर्मिळ मूळ कागद सुरक्षित जागी जावेत, याला माझा विरोध नाही. कोकणच्या पावसात तेच शहाणपणाचे. परंतु छायाचित्र घेतल्याने कागद वाचला जात नाही. मोडीतील पान पडद्यावर आले तरी मोडीच राहते. शिवाय सूची हवी. 1981 साली कुलाब्याचे रायगड झाले. त्याही मागे पेणचा मुलूख सांकशी तालुका म्हणून ठाण्याच्या कारभारात होता. आज रायगड जिल्हा, पेण तालुका एवढेच ठाऊक असलेल्या अर्जदाराला सांकशीच्या रुमालापर्यंत कोण नेणार?

आणखी एक बाब, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. महसुली कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्ग कायम ठेवावयाचा, ब वर्ग 30 वर्षे, पुढचे वर्ग त्याहून थोडा काळ. जमिनीची नोंदवही कायम राहते. तिच्याविरुद्ध कुळाने केलेला साधा तक्रारअर्ज मात्र पुष्कळदा अल्पमुदतीच्या गठ्ठ्यात जातो आणि मुदत संपताच नष्ट होतो. नाश करण्यापूर्वी असे गठ्ठे शिक्षक, अभ्यासक आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांना पाहू द्यावेत.

शासनाला बोल लावताना आपण तरी काय केले? शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप 1933 पासून 1939 पर्यंत चालला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाचा गौरव आपण दरवर्षी करतो. त्या काळची पत्रके, सभांचे वृत्तांत, संपकऱ्यांच्या याद्या एके ठिकाणी जमविण्याचे कष्ट किती जणांनी घेतले? तो काळ जुना झाला म्हणावे, तर 21 सप्टेंबर 2008 रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत शेतकऱ्यांनी मतदान केले. त्याचा निकाल शासनाने अधिकृतपणे जाहीर केला नाही. मग त्या वेळचे ग्रामसभांचे ठराव, हस्तपत्रके, निवेदनांच्या स्थळप्रती हाच पुरावा उरतो, आणि तो कार्यकर्त्यांच्या पोटमाळ्यांवर पडून आहे. कार्यकर्ता जातो, मुले घर रिकामे करतात, रद्दीवाला येतो. पेणला गागोद्याच्या विनोबांचा अभिमान आहे, रोह्याला चिंतामणराव देशमुखांचा. अभिमानासाठी समारंभ होतात, रुमाल सोडला जात नाही.

आरंभ करावयास मोठा निधी लागत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवणे बंधनकारक आहे. पेण आणि रोह्याच्या तहसील कचेऱ्या, दोन्ही नगरपरिषदा, वनखाते आणि खारभूमी विभाग यांच्याकडे या सूचीची प्रत मागणारे अर्ज तालुका समित्यांनी याच महिन्यात द्यावेत. सूची नाही असे उत्तर आले तर तेही लेखी घ्यावे. महाविद्यालयातील दहाबारा मुलांचा मोडीचा वर्ग रविवारी चालविता येईल. शिकविणारा मिळाला नाही तर, दृष्टी मंदावली असली तरी, बाराखडीपुरता मी येईन. आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंका मात्र मृग लागण्यापूर्वी खाली काढाव्यात.