गरज सरली, मास्क उरला

आमच्या घरी गेले आठ महिने आई अंथरुणाला खिळून आहे. तिचे सारे करायला दिवसभर एक मावशी येतात. कामाला सुरुवात करण्यापूर्वी त्या न चुकता हातमोजे चढवतात, तोंडाला मास्क लावतात. संध्याकाळपर्यंत हातमोज्यांचे सात-आठ जोड, दोन मास्क, डायपर, जखम पुसलेला कापूस असा ऐवज जमतो. तो काळ्या पिशवीत भरायचा, गाठ मारायची आणि पिशवी दाराबाहेर ठेवायची. पुढे तिचे काय होते, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता.

परवा सकाळी ती पिशवी जिन्यातच फुटली. कचरा न्यायला येणाऱ्या ताई खाली बसून सांडलेले सारे उघड्या हातांनी गोळा करीत होत्या. मी ओशाळून म्हटले, "अहो ताई, थांबा जरा, हातमोजे आणून देतो." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या काका. मोजंच तर भरतीया मी."

त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र दिवसभर दुसरे काही सुचले नाही. माझ्या घरातल्या माणसांना जंतूंपासून वाचवण्यासाठी मी जे पैसे देऊन आणतो, तेच वापरून झाल्यावर जंतूंसकट दुसऱ्या कुणाच्या तरी उघड्या हातात ठेवतो. संरक्षण झाले खरे, पण कुणाचे?

फेकून देण्याच्या या वस्तू आपल्या आयुष्यात फार जुन्या नाहीत. माझ्या लहानपणी डॉक्टरांकडे काचेची सिरिंज असे. स्टोव्हवर चपट्या डब्यात ती उकळत असे आणि ते उकळणारे पाणी पाहूनच आम्ही रडायला लागत असू. शस्त्रक्रियेच्या खोलीतले गाऊन हिरव्या कापडाचे असत. ते धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा वापरले जात. त्या काळाचे मी गोडवे गाणार नाही. सुई नीट उकळली गेली नाही किंवा एकाची दुसऱ्याला वापरली, तर कावीळ आणि एड्ससारखे रोग पसरतात. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने 'हिपॅटायटिस बी'ची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. एकदा वापरून टाकण्याच्या सुईने असंख्य जीव वाचवले आहेत, याबद्दल शंका नको.

पण सुईचा न्याय आपण सरसकट सगळ्याला लावला. एकदा वापरून फेकले म्हणजे ते स्वच्छ, असे समीकरणच होऊन बसले. मग आला २०२०चा मार्च महिना. त्या दिवसांत मास्क आणि पीपीई किट मिळावे म्हणून डॉक्टर, परिचारिका किती तळमळत होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते मिळाले म्हणून अनेकजण आज आपल्यात आहेत. त्या वेळी कुणी कचऱ्याचा विचार केला नाही, हा दोष नव्हे. दोष आहे तो त्यानंतरही न करण्याचा.

हे मास्क कशाचे असतात? हाताला कापडासारखे लागतात, म्हणून बहुतेकांना ते कापडच वाटते. प्रत्यक्षात नेहमीच्या निळ्या मास्कचे तिन्ही थर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंचे असतात. मधला थर सर्वांत बारीक तंतूंचा. त्यावर विद्युतभार दिलेला असतो आणि सूक्ष्म कण तिथे अडकतात. त्यात कानाला अडकवायचे इलॅस्टिक आणि नाकावरची तार. इतके जिन्नस एकत्र आल्यामुळे भंगारवाला त्याला हात लावत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा बाजारातल्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्याही तिच्यात आल्या होत्या. आपला मास्क त्या पिशवीचाच भाऊबंद. तो कुजत नाही. उन्हापाण्यात त्याचे तंतू सुटत जातात आणि नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात पोचतात.

किती कचरा झाला असेल? मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या एका तातडीच्या योजनेतून देशोदेशी सुमारे ८७ हजार टन संरक्षक साधने धाडली गेली. त्यांतील बहुतेक शेवटी कचऱ्यातच गेली असणार, असे जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२च्या अहवालात म्हटले. हा हिशेब त्या एका योजनेपुरता. देशांनी स्वतः केलेली खरेदी आणि तुम्हीआम्ही फेकलेले मास्क त्यात नाहीत.

आकडे मोठे असले की मन बधिर होते. म्हणून जवळचे उदाहरण सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, आपल्या जळगावात एका गादी कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला. तिथे गाद्यांमध्ये कापसाऐवजी वापरलेले मास्क भरले जात होते. गुन्हा दाखल झाला, आपण बातमी वाचून शहारलो आणि पान उलटले. पण ते मास्क कचऱ्यातून वेचले कुणी? गादीत दाबून भरले कुणी? त्या हातांची चौकशी कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे कायदा नाही, असेही नाही. रुग्णालयातल्या कचऱ्यासाठी १९९८ पासून नियम आहेत. २०१६ मध्ये ते नव्याने झाले. पिवळी, लाल, पांढरी, निळी असे रंग ठरलेले आहेत. साथीच्या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले, की कोविड रुग्णाचा वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे, गॉगल, प्लास्टिकचा अंगरखा लाल पिशवीत टाकावा. आणि निरोगी माणसाच्या घरातला मास्क? तो कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवावा आणि मग साध्या कचऱ्यात द्यावा. विषाणूपुरते ते ठीकच होते. पण ७२ तासांनी विषाणू मेला तरी प्लास्टिक मरत नाही. शिवाय आमच्या आईसारखे रुग्ण आता घरोघरी आहेत. रुग्णालयात ज्या कापसाला पिवळी पिशवी मिळते, तोच कापूस घरी भाजीच्या देठांबरोबर जातो.

बरे, पिवळ्या पिशवीतले सारे जाळून टाकले म्हणजे प्रश्न सुटला का? भट्टीच्या दुसऱ्या दालनात १०५० अंशांच्या आसपास तापमान राखावे, असा नियम आहे. ते राखले नाही, तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडू शकतात. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी अशाच एका प्रकल्पाच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. आपण पिशवीला गाठ मारतो, तेव्हा ती कुणाच्या तरी खिडकीखाली सुटते. ती खिडकी बहुधा गरिबाचीच असते.

मग करायचे काय? मास्क, हातमोजे वापरूच नका, असे मी म्हणणार नाही. क्षयरोग्याजवळ किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी त्यांना पर्याय नाही. पण गरज आणि सवय यांत फरक करता येतो. लस टोचताना हातमोज्यांची गरज नसते, साबणाने हात धुतले तरी पुरते, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे. रुग्णालयांनी शक्य तिथे कापडी गाऊनकडे परतायला हवे; धुलाई आणि वाफेची यंत्रे यांवरचा खर्च फुकट जात नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने वापरलेल्या किटचे प्लास्टिक निर्जंतुक करून पुन्हा उपयोगात आणता येते, हे छोट्या प्रमाणावर करून दाखवले आहे. असे प्रयोग आजच वाढवायला हवेत. पुढची साथ आली की पुन्हा विचाराला सवड मिळणार नाही.

ज्यांनी या वस्तू विकून नफा कमावला, त्यांनाही विचारले पाहिजे. २०१६च्या घनकचरा नियमांनी सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्यांना ते गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन देण्यास सांगितले. तोच न्याय हातमोजे आणि मास्क यांना का नको?

आणि घरात? पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने एक साधी युक्ती सांगितली आहे. वापरलेले नॅपकिन, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. तो पाहिला की ती पुडी उघडायची नाही, हे नेणाऱ्याला कळते. त्यासाठी ना कायदा लागतो, ना पैसा. सुया असतील तर त्या जाड बाटलीत झाकण लावून वेगळ्या द्याव्यात. मास्कचे बंद कापावेत, म्हणजे त्यात पक्ष्यांचे पाय अडकणार नाहीत आणि तो पुन्हा कुणाच्या तोंडाला किंवा गादीत जाणार नाही.

आपल्याकडे म्हण आहे, 'गरज सरो, वैद्य मरो'. साथ ओसरली आणि आपण तसेच वागलो. वैद्याला निदान टाळ्या आणि थाळ्या तरी मिळाल्या. त्याने उतरवून टाकलेले जिने उचलले, तिच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आमच्या घरी आता मावशींशी बोलून ठरले आहे, की जखमेला किंवा मलमूत्राला हात लागणार असेल तेव्हाच हातमोजे; एरवी साबण. सात-आठ जोडांचे आता तीन होतात. रोज रात्री मी स्वतः पुडी बांधतो आणि आईच्या उशाशी पडलेल्या लाल पेन्सिलीने ठिपका काढतो. ताईंसाठी जाड रबराचे, धुऊन वापरता येणारे हातमोजे आणले. पहिल्या दिवशी त्यांनी ते घड्या उलगडून पाहिले आणि पिशवीत ठेवले. "गरम होतंय काका," म्हणाल्या, "पर तुमची पुडी उचलताना घालीन." म्हटले, नुसती माझी नको, सगळ्यांचीच उचलताना घाला. त्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या पुडीवर कुठं ठिपका असतो?"