गप्प बसण्याची किंमत

१९५० च्या दशकात जबलपूरच्या 'वसुधा' मासिकात संपादक हरिशंकर परसाई आपल्या एका मित्राची साहित्यिक डायरी छापत असत. हा मित्र म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. दोघांचीही दृष्टी मार्क्सवादी.

मार्क्सवाद म्हटला, की संप आणि लाल बावटा डोळ्यांपुढे येतो. मुक्तिबोधांनी तो मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्याच्या आत आणला. गरिबी हे नशीब नव्हे. श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, यावर ती ठरते, हा मार्क्सचा मूळ मुद्दा. मुक्तिबोधांनी पुढचे विचारले : हे कळत असूनही पांढरपेशा माणूस गप्प का? नोकरी, बढती, प्रतिष्ठा यांच्या मोहापायीच ना? या आरोपातून त्यांनी स्वतःलाही वगळले नाही.

१९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. १९६४ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी, ते गेले. स्वतःचा पहिला कवितासंग्रह छापलेला पाहणेही त्यांच्या नशिबी नव्हते.

मार्क्सची उत्तरे सर्वांना पटतील असे नाही. पण आपल्या गप्प बसण्याने फायदा कोणाचा होतो, हा प्रश्न कोणत्याही घराला टाळता येत नाही.