तापलेली हवा कुठून जाणार?

आरे-वारेला वाऱ्याची वाण आहे असे कोणी म्हटले, तर गणपतीपुळ्याला निघालेला प्रवासीसुद्धा हसेल. दिवसा समुद्रावरून खारे वारे आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचण्याआधीच इथल्या मुलाला ठाऊक असते. तरीही मे महिन्यात नव्या घरांतली माणसे अंथरूण घेऊन बाहेर निजायला येतात. दाराशी आलेला वारा घरात का टिकत नाही, याचा विचार आपण कोकणातल्या विद्यार्थ्यांनी करायला हवा, असे मला वाटते.

उष्ण हवा वर जाते हे आपल्या पूर्वजांना पदार्थविज्ञान न शिकताही कळत होते. जांभ्याच्या भिंती, उंच आढे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले असे त्यांचे घर असे. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा निघून जाई आणि तिच्या जागी पडवीच्या सावलीतली हवा आत येई. मधला माळा कौलांची धग खाली पोचू देत नसे. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला. पुढे मंगलोरी कौले किनाऱ्याने वर आली आणि नळीच्या कौलांच्या जागी बसली. पण छपराचा श्वास त्यांनीही कोंडला नाही.

तो कोंडला स्लॅबने. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती धग आपल्या अंगावर सोडते. छताखाली साचलेल्या गरम हवेला वर वाटच नसते. त्यातून आपली हवा दमट. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात घाम वाळतो, अंग निवते. इथे तो सहजी वाळत नाही. बंद खोलीतला पंखा तीच गरम हवा फिरवतो आणि कूलर तर ओलाव्यात भरच घालतो.

स्लॅब घालणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. माकडे कौले फोडतात, वाशांना वाळवी लागते, पावसाळ्यापूर्वी कौले चाळायला माणूस मिळत नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडकडे कौले आणि पत्रे कसे उडवले, तेही आपण जाणतो. मुंबईत राबणाऱ्या मुलाला गावच्या आईसाठी पक्के घर बांधावेसे वाटते, त्यात नुसती प्रतिष्ठा नाही, मायाही आहे. पण तीच आई त्या घरात उन्हाळाभर तळमळत असेल, तर ती माया वाया गेली म्हणायची.

पक्के घर म्हणजे बंद घर, असे कुठे आहे? भिंतीच्या माथ्याशी समोरासमोर जाळीचे झरोके ठेवावेत. कोकणचा पाऊस आडवा येतो, म्हणून त्यांवर छज्जा हवाच. गळती थांबवायला स्लॅबवर पत्रे घालतोच, तर मधली पोकळी दोन्ही टोकांना मोकळी ठेवावी. अडगळ भरून ती बुजवू नये. केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी स्लॅबमध्येच कौले बसवून काँक्रीट वाचवले आणि विटांच्या जाळीदार भिंतींतून वारा खेळवला. आपल्याला चिऱ्यांत तसे काही का करता येऊ नये?

घराचा नकाशा पुढे आला की खोल्या किती आणि गच्ची केवढी, एवढेच आपण विचारतो. उद्या घरे बांधणार आहोत ते आपणच. तेव्हा आणखी एक प्रश्न विचारू या : तापलेली हवा कुठून जाणार? त्याचे उत्तर मिळेपर्यंत स्लॅबची सळई बांधू देऊ नये.