सोसण्याचे धडे कोणासाठी?

परीक्षांचा हंगाम जवळ आला की छत्रपती संभाजीनगरातील शाळाशाळांतून ‘ताणव्यवस्थापना’ची व्याख्याने झडू लागतात. वक्ता मुलांना दीर्घ श्वास घ्यावयास सांगतो, वेळापत्रक आखून देतो आणि सकारात्मक विचारांचा उपदेश करून निघून जातो. हे उपाय निरर्थक आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या ओझ्याखाली मूल वाकले आहे ते लादले कोणी, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. आणि तो विचारला न जाण्यातच अनेकांची सोय आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. या साऱ्यांचा दोष परीक्षेच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या राज्याची झोप उडावी एवढे बळ या आकड्यात खचित आहे.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा शिक्षक. त्याला यात साधा टंचाईचा हिशेब दिसतो. २०२४ साली ‘नीट’साठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाच्या थोड्या वर, आणि परवडणाऱ्या शुल्काच्या सरकारी जागा त्याच्या निम्म्याच्या आसपास. अशा स्पर्धेत एकाने दोन तास अधिक अभ्यास केला तर त्याचा क्रमांक वर जातो. सर्वांनी केला तर सर्वांची झोप जाते, जागा तेवढ्याच राहतात. मग मुलांना अधिक सोसावयास शिकवून काय साधते? शर्यतीचा वेग तेवढा वाढतो, आणि वाढत्या वेगावर खासगी क्लासचा धंदा पोसला जातो. गंगापूर-पैठणकडील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कापसाचा पैसा आणि वाळूजच्या कामगाराचा ओव्हरटाइम या शुल्कात जिरतो. त्याच्या मुलाच्या दप्तरात पुस्तकांबरोबर बापाचे कर्जही असते. दीर्घ श्वासाने ते फिटत नाही.

‘आमच्या वेळी कोठे होते समुपदेशक?’ असे आमच्याच पिढीतील काही मंडळी विचारतात. त्यांनी याच शहराचा इतिहास आठवावा. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. घरातून प्रथमच शिकावयास निघालेल्या मुलांना नुसता ‘धीर धरा’ असा उपदेश तेथे झाला नाही. नागसेनवनात त्यांच्यासाठी वसतिगृहे उभी राहिली. आधार म्हणजे काय, याचे उत्तर त्या परिसराने दिलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावयाचा आहे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या शक्यतो पाडू नयेत, असेही क्लासना बजावले आहे. हे निर्देश स्वागतार्ह आहेत. परंतु समुपदेशकाचे वेतन सरकारने दिले नाही, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण्या आधीच दमलेल्या शिक्षकाच्या नावापुढे आणखी एक काम लिहिले जाईल आणि फाईल बंद होईल. म्हणून मागणी स्पष्ट हवी: समुपदेशकाचे अनुदानित पद, शिक्षकांच्या रिक्त जागांची भरती, तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहे आणि सरकारी महाविद्यालयांतील जागांत वाढ.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसावयाचे नाही. शिक्षण हक्क कायद्याने पालकांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. गृहपाठ किती तासांचा, नापास मुलाशी कोण बोलते, हे तेथे विचारा. वस्तीत रात्रीची अभ्यासिका चालवा. एका खोलीत सहाजण राहतात तेथे शांत कोपरा हीच मोठी मदत असते. ‘मला झेपत नाही’ असे मूल म्हणाले तर दुसऱ्याच्या मुलाचे दाखले देऊ नका. ऐका, कामाचे लहान भाग पाडून द्या, त्याला झोपू द्या. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा निघाली तर त्याला एकटे सोडू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि घाटी रुग्णालयात नेण्यात कसलाही कमीपणा नाही.

मुलांना धीर अवश्य द्यावा. पण सोसण्याचे धडे मुलांना आणि सवलती बाजाराला, ही वाटणी आपण मान्य करता कामा नये.